निळ्या कोटाचं चौथं बटण

५ ऑक्टोबर

आज माळ्यावरची पेटी खाली काढली. डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर निळा कोट बाहेर आला आणि माझी सकाळ कामातून गेली. दुकान उघडलं, मशीनवर बसलो, पण पाय काही चालेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करायची होती, ती दुपारपर्यंत तशीच पडून.

हा कोट म्हणजे मी स्वतःच्या हिमतीवर बेतलेला पहिला कपडा. उस्तादांच्या हाताखालून नुकताच सुटलो होतो. लग्न ठरलं आणि हिच्यासाठी कोट शिवायला घेतला. बेतणं, कापणं, मशीन माझं. अस्तर, काजं आणि बटणं हिची. तिच्या आईच्या देखत, मध्ये टेबल ठेवून, आम्ही दोघं लग्नाआधीच एका कपड्यावर बसलो होतो. लग्नाच्या दिवशी हिने तो घातला आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओत दोघांचा फोटो काढला. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे घरात फोटोही फारसे नाहीत. भिंतीवर तो एकच आहे.

येत्या बावीस जानेवारीला पन्नास वर्षं होतील. मी हिला म्हटलं, "त्याच स्टुडिओत जाऊ, तोच कोट घालू आणि तसाच फोटो काढू."

ही काज करत होती. सुई न थांबवता म्हणाली, "कोट तोच आहे हो. आतलं माणूस तेच राहिलंय का, ते बघा आधी."

८ ऑक्टोबर

दुकान बंद केल्यावर हिने कोट घालून पाहिला. वरची तीन बटणं कशीबशी लागली. चौथं, कमरेवरचं, काजापासून पाच इंच लांब राहिलं. पाचव्याचं नाव काढायला नको.

नेमकी तेव्हाच हिची धाकटी बहीण आली. तिला सगळे धाकटीच म्हणतात. आता तीही साठीच्या पुढे आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आल्या आल्या म्हणाली, "ताई, हा कोट आहे का खिडकीचे पडदे? मधून उजेड येतोय."

ही हसली. मीही हसलो. हसणं संपल्यावरही ही आरशासमोरून हलली नाही.

"अहो, बाजूने थोडा सोडता येईल का?" हिने विचारलं.

मी म्हटलं, "छे. या कोटाला कात्री लावायची नाही. शाळेत पाठ केलेल्या कवितेतला शब्द कुणी बदलतं का?"

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "कविता बदलायची नाही म्हटल्यावर बाईच बदलायला हवी. काय, भाऊजी?"

हिने कोट काढला, घडी घातली. घडी घालताना अस्तरावरून दोनदा हात फिरवला. जुने दिवस आठवत असणार.

१० ऑक्टोबर

ही म्हणाली, "मी कोटात बसणार." हे एवढ्या शांतपणे म्हणाली की मला शाळेतली शपथ घेणारी मुलं आठवली.

केस कापायला गेली होती तिथल्या मासिकात तिने वाचलं म्हणे. सकाळी बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. दिवसभर काही नाही. संध्याकाळी एक वाडगा उकडलेल्या कोबीचं पाणीदार सूप. तेल, लोणी, साय, अंडं, सगळं बंद. मी म्हटलं, मीही करतो तुझ्याबरोबर. ती म्हणाली, "तुम्ही नका, तुम्ही आधीच टाचणीसारखे." पण मी हट्टच धरला. पन्नास वर्षांत आम्ही वेगवेगळ्या ताटात जेवलेलो नाही.

१४ ऑक्टोबर

बेकरीत जाऊन दोन बनपाव खाल्ले. उभ्या उभ्या. बेकरीवाला म्हणाला, "मास्टर, घरी भांडण झालंय का?" मी म्हटलं, घरी कविता चालू आहे. त्याने तिसरा पाव माझ्यापुढे सरकवला.

१९ ऑक्टोबर

आज रविवार. दुकान बंद. हिला खिडकीपाशी उभं केलं, हात वर करायला लावले आणि टेपने कंबर मोजली. एक इंच कमी.

मी आकडा मोठ्याने म्हटला, पाढे म्हणतात तसा. ही लाजली. एकाहत्तराव्या वर्षी. टेप गळ्यात टाकून मी किती बायकांची मापं घेतली असतील, पण हिचं माप लग्नाआधी एकदाच घेतलं होतं, त्यानंतर गरजच पडली नाही. घरच्या माणसाचे कपडे शिंपी अंदाजानेच शिवतो. दर रविवारी मोजायचं ठरलं.

२ नोव्हेंबर

पुन्हा इंचभर उतरली. हिच्या गालांची हाडं वर येऊ लागली आहेत, फोटोतल्यासारखी. मास्तर कवितेच्या तासाला म्हणायचे, चाल सापडली की शब्द आपोआप येतात. आज मशीनच्या चालीवर दोन ओळी आल्या:

निळ्या कोटाची निळी बटणे, निळी सांजही दारी,
पन्नास वर्षे ओलांडुनिया तीच पाहुणी घरी.

हिला म्हणून दाखवल्या. ही काजाचा दोरा दाताने तोडून म्हणाली, "दारी आणि घरी नीट जुळत नाही."

"शाळेत चालायचं."

"शाळेत तुम्हाला मास्तर घाबरत असतील." मग थोड्या वेळाने, "पुन्हा म्हणा बरं."

मी पुन्हा म्हटल्या. ती पुढचं काज करायला विसरली.

१६ नोव्हेंबर

आज टेपवर एकूण अडीच इंच भरले. बक्षीस म्हणून बेकरीतून क्रीमचा केक आणला, वर साखरेचं फूल असलेला. ही नको नको म्हणत होती. मी म्हटलं, एवढे दिवस कोबीच्या पाण्यावर काढलेस, एक तुकडा खा. माझ्या हातून खाल्ला. मग दुसराही खाल्ला. साखरेचं फूल मला दिलं.

तासाभराने हिच्या पोटात दुखू लागलं. वर, उजवीकडे, बरगड्यांच्या खाली. आधी बसून राहिली, मग उठून खोलीत फेऱ्या मारल्या, मग भिंतीला टेकून उभी राहिली. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, "काही नाही, पोटाला गोडाची सवय राहिली नाही. गॅस असेल." चेहऱ्यावर घाम होता. मी गरम पाण्याची पिशवी दिली. झोपायच्या वेळेपर्यंत थांबलं.

पोटाला क्रीमची सवय मोडली, म्हणजे आहार खरंच लागू पडतोय.

२३ नोव्हेंबर

थंडी वाढली. गरम कपड्यांची कामं आली. रविवार असूनही दिवसभर दोघं मान मोडून बसलो. पूर्वी ही अकराच्या सुमाराला बिस्किटं पुढे करायची, चार वाजता तळलेले बटाटे, मध्ये मध्ये साखरेचा चहा. जेवण कधी तीनला, कधी पाचला, गिऱ्हाईक सोडेल तेव्हा. आता त्या वेळा आल्या की आम्ही एकमेकांकडे बघतो आणि हसतो. मी बेकरीचं काही बोलत नाही. बेकरीवालाही बोलत नाही. भला माणूस.

३० नोव्हेंबर

हिचा उजवा खांदा दुखतो, मागून, पात्याच्या खाली. ही म्हणते काजं फार झाली. मी तेल चोळून दिलं. चोळता चोळता मनात आलं की शाळेत शिकलेल्या सगळ्या कवितांमध्ये दुःख डाव्या बाजूला असतं. हृदय डावीकडे, म्हणून विरह डावीकडे, आठवण डावीकडे, सुस्कारासुद्धा तिकडूनच निघतो. उजव्या बाजूचं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. तिकडे काय आहे हे कवींना ठाऊक नसावं. मलाही नाही.

मी हे हिला सांगितलं. ती पालथी पडली होती. उशीतून म्हणाली, "उजवीकडे दुखतं तेव्हा कविता सुचत नसेल."

टेप लावली. साडेतीन इंच.

७ डिसेंबर

धाकटी येऊन गेली. "ताई, तू उन्हात विसरलेल्या सफरचंदासारखी दिसतेस." मी म्हटलं, हेवा वाटतोय तुला. ती म्हणाली, "भाऊजी, हेवा वाटला असता तर मी केक मागितला असता. ताई, काहीतरी खात जा ग नीट."

"जानेवारीपर्यंत," ही म्हणाली.

१४ डिसेंबर

कोट घालून पाहिला. चौथं बटण काजापासून दोन बोटांवर आलं. हिने श्वास आत ओढला, मी दोन्ही बाजू धरल्या आणि बटण लागलं. क्षणभर लागलं. आरशात आम्ही दोघं, मागे भिंतीवर आम्ही दोघं. मी काय बोललो ते आठवत नाही, पण हिने माझा गाल थोपटला. मग श्वास सुटला आणि बटण निसटलं.

आज आनंदाचा दिवस म्हणून पुन्हा केक आणला. हिने अर्धाच खाल्ला. दुखणं पुन्हा आलं, या वेळी जास्त. ओकारी झाली. न्हाणीघराच्या दाराला कान लावून मी विचारलं, डॉक्टरला बोलावू? आतून म्हणाली, "केक शिळा असेल. तुम्ही जा, मशीनला तेल घाला." मी तेल घातलं.

उद्या बेकरीवाल्याला विचारायला हवं.

१५ डिसेंबर

बेकरीवाला दुखावला. म्हणाला, "मास्टर, तुमच्या आधी आणि नंतर तोच केक बाराजणांनी नेला. सगळे कामावर गेलेत."

२१ डिसेंबर

हिला सारखी खाज येते. हातांना, तळव्यांना, पाठीला. रात्री नीट झोप लागत नाही म्हणते. जुनी लोकर आहे, कोट घालून पाहिला की टोचत असेल. मी कोट दिवसभर वाऱ्यावर टांगला. ओल्या फडक्याने अस्तर पुसलं.

अस्तराचे टाके अजून तसेच आहेत, मोत्यासारखे. हिच्या हाताचे. एक टाका उसवलेला नाही. आजकालच्या कपड्यांत असं अस्तर दिसत नाही. मी आत बोट घालून बघितलंही नाही, नुसता बाहेरून बघत बसलो.

२७ डिसेंबर

थकते फार. आज काजं माझ्याकडे दिली. पण संध्याकाळी ही खिडकीपाशी बसली होती, उन्हं तिरपी आली होती आणि हिच्या डोळ्यांत एक सोनेरी छटा दिसली. पांढऱ्यातही सोनं. गालांवरही. मी एवढी वर्षं बघतोय, असा रंग पूर्वी कधी दिसला नव्हता. नव्या ओळी जुळवतोय:

सांजसोनेरी डोळ्यांत तुझिया

इथेच अडलंय. उद्या पूर्ण करीन.

२८ डिसेंबर

सकाळी धाकटी आली. बाहेर बर्फासारखा वारा. तिने मफलर काढला, हिच्याकडे बघितलं आणि मफलर हातातच राहिला.

"ताई, उजेडात ये."

हिला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी ओढून बघितली. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, डोळे पिवळे झालेत हिचे. केव्हापासून?"

मी म्हटलं, काल संध्याकाळी मला जरा... काल मी त्यावर कविता करत होतो हे कसं सांगणार?

"लघवी?" तिने हिला विचारलं.

"गडद होते. चहासारखी," ही म्हणाली. "आठवडा झाला."

"अंगात ताप आहे तुझ्या. थंडी वाजतेय ना? आणि तू हातावर हात ठेवून बसलीस होय?" धाकटी पुढचं मला म्हणाली, हळू आवाजात. "आईलाही असंच उजवीकडे दुखायचं. आई गॅस म्हणायची. ताईला माहीत आहे ते. गाडी बोलवा."

गाडीत ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. कापत होती. तिचं वजन किती हलकं झालंय ते मला आज कळलं. दर रविवारी टेप लावायचो, पण उचलून कधी बघितलं नव्हतं.

३० डिसेंबर

इस्पितळाच्या बाकावर लिहितोय. पेन्सिल धाकटीची.

पित्ताशयात खडे आहेत. एक खडा निसटून नळीत अडकलाय, म्हणून कावीळ, म्हणून ताप. जंतू रक्तात जायला लागले होते. डॉक्टरीण तरुण आहे, केस मागे बांधलेले, बोलताना खुर्ची ओढून माझ्यासमोर बसते. काल म्हणाली, "आजची रात्र महत्त्वाची आहे." आजही तेच म्हणाली.

काही आठवत नाही. तोंडपाठ असलेली एक कविता मनात म्हणायचा प्रयत्न केला, दुसऱ्या ओळीच्या पुढे जाता आलं नाही. चौथीत असताना असं झालं की मास्तर बाकावर उभं करायचे.

३१ डिसेंबर

तोंडातून नळी घालून पित्ताच्या नळीतला खडा काढला. ताप उतरतोय. मला काचेतून बघू दिलं. झोपली होती. हात चादरीवर होता, तर्जनीवर सुईचा जुना घट्टा.

१ जानेवारी

डॉक्टरणीने आज सगळं विचारलं. काय खात होत्या, कधी खात होत्या, वजन किती उतरलं. मी म्हटलं, वजन माहीत नाही, कंबर साडेचार इंच उतरली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, मी शिंपी आहे.

कुठल्याशा जुन्या कागदावर वजन होतं, त्यावरून तिने हिशेब केला. अडीच महिन्यांत चौदा किलो.

"आजोबा, पित्ताशय म्हणजे एक लहान पिशवी," ती म्हणाली. "यकृत पित्त तयार करतं, ते हिच्यात साठतं. आपण जेवलो, जेवणात थोडं तेल-लोणी असलं, की पिशवी आवळते आणि पित्त बाहेर सोडते. दिवसभर पोटात काही गेलंच नाही, संध्याकाळी कोबीचं पाणी, तर ती आवळणार कशासाठी? पित्त आत पडून राहतं, घट्ट होतं. त्यात अंगातली चरबी भराभर वितळली की यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं. मग खडे होतात. आणि मग एके दिवशी एकदम क्रीमचा केक. पिशवी जोराने आवळते, खडा तोंडाशी येऊन अडकतो."

"केक मीच आणायचो," मी म्हटलं.

"केकने खडे झाले नाहीत. केकने ते कळवले."

मी विचारलं, "म्हणजे जाड होती तीच बरी होती?"

"नाही. जाडीनेही खडे होतात. दिवसभर बसून राहण्याने होतात. गोड, तळलेलं, मैदा फार आणि भाज्या-डाळी कमी, त्यानेही. कदाचित काही खडे आधीपासून असतीलही. वय, बाईचा जन्म, आईला असणं, हे आपल्या हातात नाही. वजन उतरवायला हवंच होतं. पण जिन्याने उतरायचं होतं, तुम्ही खिडकीतून उडी मारलीत."

धाकटी शेजारी होती. मला वाटलं, आता ही मला बोलणार. ती म्हणाली, "पडदे म्हणाले होते ना मी, त्या दिवशी." आणि मफलर डोळ्यांना लावला.

५ जानेवारी

आज पित्ताशयच काढलं. पोटाला चार लहान छिद्रं, दुर्बिणीतून. डॉक्टरीण म्हणाली, टाके अगदी थोडे आहेत. मी टाके बघायला मागितले. नीट आहेत.

शुद्धीवर आल्यावर ही म्हणाली, "बेकरीवाल्याची माफी मागा."

१२ जानेवारी

घरी आणलं. मी आता स्वयंपाक करतो. डॉक्टरणीने सांगितल्याप्रमाणे: थोडं थोडं, पण ठरल्या वेळी. सकाळी लापशी, दुपारी डाळीचं सूप, भाज्या, गव्हाचा पाव आणि त्यावर पातळसं लोणी. रात्री लवकर. माझं सूप कधी खारट, कधी बेचव. ही चमचा तोंडात घेऊन माझ्याकडे बघते आणि गिळते. आज म्हणाली, "शिवणकाम सोडू नका तुम्ही."

जेवण झालं की मी दुकानाची पाटी उलटी करतो आणि आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत चालतो. बेकरीवाला बाहेर येऊन उभा राहतो. काल त्याने भरड गव्हाचा पाव दिला आणि म्हणाला, "मास्टर, हा आत बसून खायचा." ही माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगून टाकलं, बनपाव आणि सगळं. ही म्हणाली, "मला काय वास येत नव्हता?"

२२ जानेवारी

पन्नास वर्षं. बाहेर जाण्याइतकी ताकद नाही, म्हणून स्टुडिओचा बेत मोडला. ही म्हणाली, "कोट तरी काढा."

घातला. अंगात जरा खाणं गेलंय, चेहऱ्यावर रंग आलाय. चौथं बटण दोन-तीन बोटांवर राहिलं. सवयीने तिने श्वास आत ओढला आणि टाक्यांच्या जागी दुखलं असावं, कारण थांबली. मी म्हटलं, काढ तो. काढ लगेच.

कोट टेबलावर पसरला. कात्री घेतली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा अस्तराचा टाका उसवला. आत बोट घातलं.

दोन्ही बाजूंच्या शिवणींत कापड दुमडून ठेवलेलं होतं. एका बाजूला दोन इंच, दुसऱ्या बाजूला दोन इंच. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो त्याला आम्ही माया म्हणतो. साध्या कोटाला अर्धा-पाऊण इंच पुरते. इतकी कुणी सोडत नाही. कापड आत उजेडाविना राहिलेलं, म्हणून गडद, परवा विणलं असावं असं निळं.

मग आठवलं. उस्तादांनी माझं बेतणं बघून म्हटलं होतं, "नवरीचा कोट आहे, कमरेला भरपूर सोड. वर्षभरात उसवायला लागेल." दिवस गेले की लागेल म्हणून. मी सोडलं होतं. पहिली काही वर्षं, थंडी आली की मला ते कापड आठवायचं. मग आठवायचं बंद झालं.

मी हिच्याकडे बघितलं. ती माझ्या समोर बसली होती, मध्ये टेबल.

"तुला माहीत होतं?"

"अस्तर कुणी शिवलं होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की. त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात कात्री लावायची नाही." तिने तो गडद भाग बोटाने चाचपला. "मला वाटलं, तुम्हाला आठवतं म्हणूनच उसवायचं नाहीये."

मी कात्री खाली ठेवली. मग विचारलं, "एवढं दुखत होतं तरी सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "दर रविवारी तुम्ही टेप घेऊन यायचात. खिडकीपाशी उभं करायचात. मोठ्याने आकडा म्हणायचात. अहो, किती वर्षांत माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं."

टेप माझ्या गळ्यातच होती. मी ती काढून खणात ठेवली. मग तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो आणि नुसता बघत बसलो. ती म्हणाली, "असं काय बघताय, सूप उतू जातंय."

३० जानेवारी

जुनी शिवण उसवली आणि दोन्ही बाजू सोडल्या. मशीन माझं, अस्तर हिचं. एका बैठकीत फार नाही. अर्धा तास झाला की उठायचं, चालून यायचं, असा डॉक्टरणीचा हुकूम आहे. बाजूला दोन गडद पट्टे दिसतात, बगलेपासून खालपर्यंत. मी म्हटलं, काळी पट्टी लावून झाकू का? ही म्हणाली, "कशाला झाकायचं?"

'सांजसोनेरी'ची ती अर्धी ओळ मी खोडली. दारी-घरी मात्र तशीच ठेवली आहे. जुळत नाही हे खरं आहे.

२३ फेब्रुवारी

सकाळी लापशी खाल्ली, अर्धं सफरचंद दोघांत. चालत स्टुडिओत गेलो. धाकटी बरोबर होती, हिचा हात धरून. जुना फोटोवाला आता नाही, त्याचा मुलगा बसतो. तोही टकला झालाय. मी त्याला घरच्या भिंतीवरून काढून आणलेला फोटो दाखवला. त्याने आम्हाला त्याच जागी उभं केलं, मला उजवीकडे, हिला डावीकडे.

दिवा लावल्यावर त्याला पट्टे दिसले. "आजी, कोटाला बाजूला काहीतरी आहे. फोटोत येईल. मी नंतर पुसून टाकू?"

"नको," ही म्हणाली. "ते कोटाचंच आहे."

धाकटी मागून म्हणाली, "पडदे छान मिटलेत हो."

मी हिचा कोट सारखा केला. वरून एक, दोन, तीन. चौथं बटण धरलं आणि सवयीने म्हणालो, "श्वास धरू नकोस."

"धरलेलाच नाही," ती म्हणाली.

बटण लागलं होतं.